अर्धा कप चहा

(नांदेड येथील वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. वक्त्यांच्या विनंतीवरून त्यांचे नाव छापलेले नाही. बोलण्याचा बाज शक्य तेवढा तसाच ठेवला आहे. – संपादक)



पत्रिकेवर वक्त्याच्या नावाच्या जागी नुसतं ‘एक मद्यपी’ छापलंय. ते वाचून दोघा-तिघांनी संयोजकांना फोन केले म्हणे. याच टेबलामागून कुलगुरू बोलून गेले, निवृत्त न्यायमूर्ती बोलून गेले, यंदा दारुडा कुठून धरून आणला? संयोजक बिचारे अडचणीत आले. ते मला म्हणाले, “निदान ‘माजी मद्यपी’ तरी छापू द्या.” मी नाही म्हटलं. आमदार माजी होतो, सैनिक माजी होतो. मद्यपी माजी होत नाही. 2001 सालची पोळ्याची कर ही माझी शेवटची दारू. पण आज घरी जाताना मी एक क्वार्टर घेतली, तर आठवडाभरात मी त्या करीच्या दिवशी जिथं पडलो होतो तिथंच पडलेला असेन.

नाव छापत नाही, त्यात लाजेचा भाग नाही. इथं बसलेल्या निम्म्या लोकांनी मला कुठल्या ना कुठल्या नालीत पाहिलेलं आहे, त्यांच्यापासून काय लपवायचं? अल्कोहोलिक्स अनॉनिमस, ज्याला आम्ही एए म्हणतो, तिथली ही रीत आहे. वर्तमानपत्रात, छापील कागदावर सभासदानं नाव द्यायचं नाही. उद्या माझा सत्कार झाला आणि परवा मी परत प्यालो, तर लोक म्हणतील, बघा, तिथंही काही होत नाही. आणि दुसरं कारण जास्त खरं आहे. आमच्यासारख्यांना मोठेपणा दारूइतकाच लवकर चढतो. मी कुठल्या संघटनेतर्फेही बोलत नाही. माझं माझं सांगतो.

मी मुनीम माणूस. लातूरच्या भुसार बाजारात एका अडत दुकानी एकोणीस वर्षं रोजमेळ लिहिला. मूळ गाव बिलोली तालुक्यात, सरहद्दीला लागून. आमच्याकडं शिंदीची झाडं पिढ्यान्‌पिढ्यांची. निजामाला अबकारीचं उत्पन्न मोठं होतं, म्हणून त्याच्याविरुद्धच्या 1947 च्या लढ्यात शिंदीची झाडं तोडणं हा एक कार्यक्रमच होता. आमचे आजोबा रात्री कुऱ्हाड घेऊन त्यात गेलेले. सतरा सप्टेंबरला गावात मुक्तिदिनाच्या झेंडावंदनानंतर त्यांना नारळ मिळायचा. अशाच एका सतरा सप्टेंबरच्या दुपारी त्यांचा नातू गावाबाहेर शिंदीचं मडकं तोंडाला लावून बसला होता. वय सोळा. लातूरला आल्यावर शिंदी सुटली, देशी आली. पगार वाढला तशी इंग्लिश आली, आणि पगार पुरेना तसा परत देशीवर आलो. आमच्यातल्या बहुतेकांचा जिना असाच आहे. चढताना इंग्लिश, उतरताना देशी.

एक रात्र सांगतो. 30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. अख्खं लातूर रस्त्यावर आलं. आमच्या वाड्यातली सगळी बिऱ्हाडं अंगणात. माझी बायको धाकटीला कडेवर घेऊन, थोरल्याचा हात धरून बाहेर पडली, त्यांना शेजारणीजवळ देऊन परत आत आली. तिनं मला हलवलं, तोंडावर तांब्याभर पाणी मारलं, पाय धरून ओढलं. मी उठलो नाही. सकाळी नऊला जाग आली तेव्हा घरात कुणी नव्हतं आणि भिंतीला हात जाईल एवढी चीर. मला वाटलं, बाई भांडून माहेरी गेली. चिडून बाहेर आलो. शेजारी म्हणाला, “मुनीम, किल्लारी गेली.” मी विचारलं, “कुठं गेली?”

हे वाक्य मी एएच्या मिटिंगमध्ये सांगतो तेव्हा लोक हसतात. मीही हसतो. पण त्या दिवशी बाजारातले हमाल ट्रकात फावडी, टोपल्या टाकून ढिगारे उपसायला निघाले तेव्हा मीपण त्यांच्यात चढलो होतो. औशापर्यंत पोचलो आणि हात थडथडायला लागले. उतरलो. दुकानं सगळी बंद. त्या दिवशी, आजूबाजूला हजारो माणसं मेलेली असताना, मी औशात दारू शोधत दारोदार फिरलो, आणि मिळाली तेव्हा विकणाऱ्याला दुवा दिला. किल्लारी मी पाहिलीच नाही. असल्या दिवसानं माणसाचे डोळे उघडतात, असं सिनेमात असतं. मी पुढं आठ वर्षं प्यालो.

सोडायचा प्रयत्न केला नाही असं नाही. आपल्याकडं सोडायच्या पद्धती पुष्कळ आहेत. मी श्रावण अकरा वेळा पाळला. एक महिना थेंब नाही, दाढीसुद्धा नाही. त्यामुळंच तर घोटाळा झाला. महिनाभर सोडू शकतो म्हणजे माझ्या हातात आहे, मी काही बेवडा नाही, असा माझा हिशोब. मुनीम असून मला हे कळलं नाही की अकरा महिन्यांची उधारी एका महिन्याच्या जमेनं फिटत नाही. पोरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घेतल्या. पंढरपूरला जाऊन माळ घातली. मिरज-लातूरच्या त्या जुन्या छोट्या गाडीनं परत येताना कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबली, आणि माझी माळ तिथंच संपली.

माळेला मी नावं ठेवत नाही. माळ घालून दारू सुटलेली माणसं मी गावोगाव पाहिलीत. पण त्यांची माळ मण्यांवर टिकलेली नाही. एकादशीला शेजारी बसणारा टाळकरी असतो, सप्ताहात कामं वाटून दिलेली असतात, दिंडीत दरसाल तीच माणसं असतात, आणि हा आला नाही तर “कामून आला नाही?” म्हणून विचारायला कुणीतरी दारात येतं. माझी माळ दुकानातून विकत घेतलेली आणि एकट्याची होती.

शेवटी बायकोनं तिचा प्रयत्न केला. भिंतीवर जाहिराती असतात ना, ‘न सांगता दारू सोडवा’. तिनं मंगळसूत्रातले दोन मणी मोडून कुठूनशी पुडी आणली आणि माझ्या वरणात कालवली. रात्री मी पिऊन आलो आणि तोंड लालबुंद, छाती फुटेल असं धडधडणं, उलट्या. दवाखान्यात नेलं म्हणून वाचलो. पोटात दारू आली की उलटणारं एक औषध आहे. डॉक्टर ते तपासून, माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं देतात. चोरून दिलं तर जीव जाऊ शकतो. समोर बसलेल्या मायबहिणींना हात जोडून सांगतो, असली पुडी आणू नका.

1999 साली दुकानानं मला काढलं. त्यांची काही चूक नव्हती, मी पट्ट्यांवर चुकीचे आकडे लिहायला लागलो होतो. आम्ही नांदेडला मेहुण्याच्या आसऱ्याला आलो. पोरगा इथल्या शाळेत घातला, आणि तिथं मराठी शिकवायला गुरुजी होते. ज्यांच्या नावानं आज आपण जमलोय ते. त्यांच्या धाकट्या भावाला दारूनं नेलं हे पुष्कळांना माहीत आहे. भाऊ शेवटच्या आजारात असताना दोन अनोळखी माणसं त्याला भेटायला दवाखान्यात आली. एक रिटायर्ड पोस्टमन, एक गवंडी. म्हणाली, आम्हीपण असेच प्यायचो. भावाची वेळ निघून गेली होती. पण गुरुजींनी त्या दोघांना विचारलं, तुम्ही भेटता कुठं? ते म्हणाले, कधी देवळाच्या ओट्यावर, कधी कुणाच्या घरी; घरमालक उठवतो. गुरुजींनी हेडमास्तरांशी बोलून शाळेतला एक वर्ग मिळवून दिला. इयत्ता सातवी ब, दर गुरुवारी, शाळा सुटल्यावर.

माझी पहिली मिटिंग त्या सातवी बमध्ये झाली. मोठी मोठी माणसं लहान पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली. फळ्यावर तारीख आणि सुविचार. मिटिंग सुरू होण्याआधी गवंड्यानं उठून सुविचार पुसला. मला नवल वाटलं. तो म्हणाला, “हे घरी लई ऐकून झालंय.”

मग चहा आला. सगळ्यांना भरून आणि मला अर्धा कप. मला असा राग आला! बेवडा म्हणून चहासुद्धा अर्धा? देणारा तो पोस्टमन होता. काही बोलला नाही. मी कप उचलला आणि कळलं. दिवसभर मिळाली नव्हती, हात इतका कापत होता की भरलेला कप असता तर सगळा शर्टावर आला असता. अर्ध्या कपातलासुद्धा थोडा बशीत सांडला. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. सगळे मुद्दाम फळ्याकडं बघत होते, आणि फळा तर पुसलेला.

दोन गुरुवार गेलो आणि सोडून दिलं. मला वाटलं, मी काही यांच्याइतका वाया गेलेलो नाही. नवा माणूस नेहमी असंच म्हणतो. यांच्याइतका वाया जायला मला आणखी दोन वर्षं लागली.

2001 च्या करीच्या संध्याकाळी गुरुजी घरी आले. पोरगा चार दिवस शाळेत नव्हता म्हणून आले होते. मी ओसरीत पडलेलो. उपदेश केला नाही. म्हणाले, “सकाळी पुण्याची गाडी आहे. मी रजा टाकलीय. येता का?” वाटेत माझं काय होईल म्हणून त्यांनी आधी एका डॉक्टरांना दाखवलं, औषध घेतलं, आणि मग आम्ही निघालो. हे डॉक्टरचं पुन्हा सांगतो. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी माणूस बरळायला लागतो, त्याला नसलेल्या मुंग्या दिसतात, नसलेली माणसं बोलतात. आपल्याकडं म्हणतात, बाहेरचं झालं, आणि बाबाकडं नेतात. बाहेरचं काही नसतं, आतली दारू उतरत असते, आणि त्यात माणूस मरतो. त्याला सरळ दवाखान्यात न्या. संगत, मिटिंग हे सगळं त्याच्यानंतर.

पुण्याला म्हणजे येरवड्याला, मुक्तांगणला. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पैसे देऊ केले, आणि डॉ. अनिता अवचटांनी 29 ऑगस्ट 1986 ला ते व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. ही गोष्ट तुम्हाला माहीत असेल. मला तिथं धक्का दुसऱ्याच गोष्टीचा बसला. मला अंघोळीला नेणारा, जेवण वाढणारा, रात्री मी ओरडत उठलो तेव्हा शेजारी येऊन बसणारा, हे सगळे कधीतरी तिथंच पेशंट म्हणून आलेले. मुक्तांगण वेगळं आणि एए वेगळी, दोन्हींचा कारभार वेगळा. पण ज्याचा पाय पोळला त्यानंच दुसऱ्याच्या पायाला मलम लावायचं, ही रीत दोन्हीकडं एकच.

परत आलो आणि खरी पंचाईत सुरू झाली. दवाखान्यात दारू सोडणं सोपं आहे, तिथं मिळतच नाही. नांदेडात संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ माझ्या अंगावर यायची. पोस्टमनमामांनी मला सांगितलं, त्या वेळेला सचखंड गुरुद्वाऱ्यात जा, लंगरमध्ये भांडी घास. मी म्हटलं, मी शीख नाही. मामा म्हणाले, “भांडी कुठं शीख आहेत?” दीड महिना रोज गेलो. तिथं कुणी विचारत नाही तू कोण, कशाला आलास. शेजारी एखादा ट्रकवाला असतो, एखादा कारखानदार असतो. वाढणारा थोड्या वेळानं पंगतीत बसतो आणि जेवलेला उठून ताटं घासतो. संगत आणि पंगत हे शब्द मी लहानपणापासून ऐकले होते, पण त्यांचा उपयोग मला तिथं कळला. आणि गुरुवारी सातवी ब. मामांनी परत अर्धाच कप दिला. मी हात पुढं करून दाखवला, कापत नव्हता. मामांनी हसून वरपर्यंत भरला.

आता गुरुजींच्या व्याकरणाबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर हे व्याख्यान त्यांचं होणार नाही.

गुरुजी स्वतः पीत नव्हते, म्हणून मिटिंगमध्ये बसत नसत. आतलं बाहेर जायचं नाही हा नियम. ते व्हरांड्याच्या पायरीवर वह्या तपासत बसायचे, कुलूप लावायला. एकदा मला म्हणाले, “मुनीम, तुमचं बोलणं मला ऐकू येत नाही, पण क्रियापदांचे शेवट ऐकू येतात. नुसतं लो, लो, लो.” मी घरी जाऊन विचार केला. खरंच की. प्यालो. पडलो. चोरलं म्हणून पळालो. खोटं बोललो. रडलो. आणि मिटिंगच्या बाहेर मला आयुष्यभर काय ऐकायला मिळालं? प्यालास. बुडवलंस. मारलंस. पितोस, पडतोस, लाज वाटत नाही का. बायको, भाऊ, मालक, फौजदार, महाराज, सगळे माझ्याशी द्वितीयपुरुषी बोलायचे. त्यांचं चुकत नव्हतं. प्रत्येक शब्द खरा होता. पण द्वितीयपुरुषी वाक्य आलं की दारुडा कान बंद करतो, ही त्याला सवय झालेली असते. ‘मी प्यालो’ म्हणणारा माणूस समोर आला की त्याला बंद करायला कान सापडत नाहीत.

गुरुजींनी पुढं एएच्या बारा पायऱ्यांचा, म्हणजे सोडायच्या वाटेवरच्या आमच्या टप्प्यांचा, कागद मागून घेतला आणि परत देताना म्हणाले, “यात एकवचनसुद्धा नाही. सगळं ‘आम्ही’ आहे.” त्यांना फार आवडलं ते. त्यांचं म्हणणं, मराठीत ‘आपण’ आहे, तो ‘आम्ही’पेक्षा बरा, कारण ‘आपण’मध्ये समोरचा येतो. आम्ही यावर तासभर भांडलो.

आणखी एक. ‘लो’ खूप ऐकू आलं, ‘ले’ ऐकू यायला आमच्या वर्गाला बारा वर्षं लागली. ‘मी प्याले’ असं म्हणणारी पहिली बाई आली तेव्हा गवंड्यानं बाक पुसून दिला. तोवर आमचा समज असा की बाया पीत नाहीत. पितात. पुरुषाला पडायला नाली तरी मिळते, बाईला दार आतून लावून घ्यावं लागतं.

आता ही एए सुरू कुठून झाली ते थोडं सांगतो, कारण त्यात माझा मुद्दा आहे. अमेरिकेत बिल नावाचा एक शेअरबाजारातला माणूस होता. डिसेंबर 1934 मध्ये त्यानं दारू सोडली आणि लगेच दुसऱ्यांची सोडवायला निघाला. दवाखान्यात जा, दारुड्यांना धर, साक्षात्काराच्या गोष्टी सांग. पाच-सहा महिने हे केलं. एकाचीही सुटली नाही. त्यानं बायकोजवळ रड गायली, तेव्हा ती म्हणाली, पण तुझी तर सुटलेलीच आहे ना! आणि त्याच्या डॉक्टरनं सल्ला दिला की प्रवचन कमी कर, आजाराबद्दल बोल.

मे 1935 मध्ये तो अ‍ॅक्रन नावाच्या गावी धंद्याच्या कामाला गेला. सौदा फिसकटला. हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा, खिशात पैसे नाहीत, एका टोकाला दारूचा बार, माणसांचा हसण्याचा आवाज, दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि चर्चची यादी. त्याला कळलं की आपण आता बारमध्ये जाणार. त्यानं यादीतले नंबर फिरवायला सुरुवात केली आणि एकच मागणं मागितलं, मला एका दारुड्याशी बोलायचंय. लक्षात घ्या, त्या वेळी तो कुणाला वाचवायला निघाला नव्हता. स्वतः बुडत होता म्हणून दुसऱ्या बुडणाऱ्याचा हात शोधत होता. अशी त्याची गाठ बॉब नावाच्या सर्जनशी पडली. 12 मेची संध्याकाळ. डॉक्टर म्हणाले होते, पंधरा मिनिटं देतो. रात्री सव्वाअकराला उठले. मधे एकदा डॉक्टर परत घसरले. त्यांनी शेवटचं घेतलं ते 10 जून 1935 ला, आणि ती बिअर खुद्द बिलनंच दिलेली, ऑपरेशनला हात कापू नये म्हणून! मी हे वाचलं तेव्हा मला मामांचा अर्धा कप आठवला. 10 जून हा एएचा स्थापनादिन. त्याच महिन्याच्या शेवटी दोघं मिळून इस्पितळातल्या तिसऱ्याकडं गेले. तो पेशानं वकील, नर्सना मारहाण केली म्हणून बांधून ठेवलेला. त्याचीही सुटली. आपल्या देशात हे लोण 1957 साली आलं.

तर माझा मुद्दा असा. लोक आम्हाला म्हणतात, तुम्ही फार पुण्याचं काम करता, दारुड्यांना सुधारता. हे उलट आहे. नवा माणूस आमच्यावर उपकार करतो. ज्या गुरुवारी कुणी नवा येत नाही, त्या गुरुवारी आम्ही जुनी मंडळी एकमेकांना आपापलं शहाणपण सांगत बसतो आणि मिटिंगला वास मारायला लागतो. मग दारातून एखादा तोंड सुजलेला, चपलेचा एक पट्टा तुटलेला, बाकाच्या कडेवर बसणारा माणूस येतो, आणि मला माझी ओसरी दिसते. विसरणं हा आमच्या आजाराचा भाग आहे. नवा माणूस म्हणजे माझी आठवण. माझ्या खतावणीत तो खर्चाच्या बाजूला कधीच पडत नाही.

पण हे मलासुद्धा उशिरा कळलं. पहिल्या वर्षी मी बिलच्याच वाटेनं गेलो. लोहा, अहमदपूर, चाकूर, जिथून म्हणून निरोप आला तिथं धावलो. तेरा जणांच्या मागं लागलो. एकाचं कर्ज फेडायला पैसे दिले, त्याचे तो प्याला. एकाच्या बायकोशी माझंच भांडण झालं. तेरापैकी टिकला एक, तोही माझ्यामुळं नाही, त्याच्या मेहुण्यामुळं. मी घरी येऊन चिडचिड करायचो, तेव्हा बायको म्हणाली, “तुम्ही पीत होता तेव्हाही घरात नव्हता, आताही नाही.” तिला हे बोलायचं बळ तिच्या मिटिंगनं दिलं असावं. घरच्या माणसांचीही अशीच संगत आहे, अ‍ॅल-अनॉन नावाची, 1951 पासून. मुक्तांगणमध्ये बायकांचा ‘सहचरी’ गट आहे. दारुड्याची सोडवण्याआधी तिनं स्वतःची झोप सोडवायची असते, हे तिला तिथं शिकवलं.

त्यानंतर मामांनी मला पाच गोष्टी घालून दिल्या, त्या मी आजही पाळतो. एकट्यानं जायचं नाही, दोघांनी जायचं. पैसे द्यायचे नाहीत. ‘तू’ म्हणायचं नाही. तो पिऊन असेल तर जास्त बोलायचं नाही, फक्त पुढचा गुरुवार सांगायचा. पाचवी, तो आला नाही तर आपला अपमान समजायचा नाही.

मुखेडकडचा एक पोरगा होता, तिशीतला, कोरडवाहू शेती. तीन वेळा आला, तीन वेळा गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याचा अर्धा कप मीच भरला. चौथ्यांदा निरोप आला तो त्याच्या चुलत्याचा. विहिरीवर गेला म्हणाले. शेतकरी आत्महत्येच्या सरकारी मदतीची फाइल झाली, आणि चौकशीत कुणीतरी सांगितलं, दारू पीत होता. प्रकरण अपात्र. यावर मला बोलायचंय, रागानं बोलायचंय. एक लाख रुपये वाचवायला दारूचं कारण पुढं करणं बरोबर नाही. कर्जामुळं पितो, पिण्यामुळं कर्ज वाढतं, कोणतं आधी हे तलाठ्याला कसं कळणार? पण आपण कार्यकर्ते मंडळीही शेतकऱ्याच्या घरातल्या दारूबद्दल बोलायला कचरतो, सरकारच्या हातात कोलीत नको म्हणून. त्या गप्प बसण्यातही माणसं जातात.

दारूबंदीबद्दल दोनच वाक्यं. महाराष्ट्रात 1949 चा कायदा अजून आहे, कागदावर दारू प्यायलासुद्धा परवाना लागतो. परवाना काढून प्यालेला माणूस मी अजून पाहायचाय. आडव्या बाटलीला मत देऊन दुकान बंद करणाऱ्या बायांना माझा पाठिंबा आहे. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात, सोपं नाही ते. फक्त त्यांना एक विनंती. ज्या आठवड्यात दुकान बंद होईल, त्याच आठवड्यात गावात चार हात थडथडायला लागतील. त्या चौघांना दवाखान्यात न्यायला गाडी आणि नंतर बसायला एक खोली, एवढी आधी तयार ठेवा. नाहीतर ते चौघं पुढच्या गावाला जातात आणि दुकान तिथं मोठं होतं.

आकडे मुनिमाला सांगायलाच लागतात. दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली, 2019 साली अहवाल आला. देशात सुमारे 16 कोटी लोक दारू पितात. दारूवाचून चालतच नाही अशा दर 38 जणांमागं एकाला कसली तरी मदत मिळते. उरलेले 37 कुठं आहेत, तुम्हाला माहीत आहे. तुमच्या गल्लीत आहेत. आणि ही संगत-बिंगत भाबडेपणा आहे असं वाटणाऱ्यांसाठी हेही सांगतो. 2020 साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनी 27 अभ्यास, दहा हजारांवर माणसं, अशी छाननी केली. पूर्ण दारू सुटून सुटलेली राहण्यात, एएकडं नीट वळवणारी पद्धत इतर उपचारांपेक्षा जास्त उपयोगी दिसली. सगळ्यांना लागू पडते असं नाही. ज्यांना नाही पडत त्यांनी दुसरी वाट धरावी, डॉक्टर आहेत, औषधं आहेत. आमच्याकडं मक्ता नाही.

गुरुजींची एक आठवण सांगून थांबतो. आमच्या रीतीप्रमाणं आम्ही बाहेरचा पैसा घेत नाही आणि फुकट जागाही वापरत नाही. डबा फिरतो, ज्याला जमेल तो टाकतो. आम्ही भाडं द्यायचं म्हटलं तर शाळा घेईना. गुरुजींनी हेडमास्तरांना पटवलं, “घ्या. फुकट मिळालेल्या वर्गात ही माणसं पाहुण्यासारखी बसतील.” ठरलं महिना अकरा रुपये. दर महिन्याला गुरुजी स्वतः पावती फाडून मला द्यायचे, माझं नाव न लिहिता, नुसतं ‘गुरुवारची मंडळी’. मी मुनीम, सगळ्या पावत्या फाइलला लावल्या आहेत. ते गेले तो दिवस गुरुवार नव्हता, मंगळवार होता. दोन दिवसांनी मिटिंग झाली. पायरीवर कुणी नव्हतं, आणि कुलूप लावायला आम्ही सगळेच एकदम उठलो.

या सभागृहात एवढी माणसं बसलीत. अडतीसाचा हिशोब लावला तर इथं कोण कोण बसलंय ते मला दिसतंय, पण मी कुणाकडं बघणार नाही. सरकारचा व्यसनमुक्तीचा फोन 14446 आहे, लिहून घ्या, शेजाऱ्यासाठी म्हणून लिहून घ्या. सातवी बचा वर्ग आता दुसऱ्या मजल्यावर गेलाय, गुरुवारी साडेसहाला उघडतो, किल्ली सध्या माझ्याकडं असते. आभारप्रदर्शन झालं की मी बाहेर पायरीवर बसणार आहे. ज्याला बोलायचंय त्यानं यावं. नाव सांगायचं काम नाही.